इस्माईलभाईंची आवळकाठी

इस्माईलभाई,

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तुमच्या युसुफने दुकान उघडलं. फळ्या काढताना त्याने नेहमीप्रमाणे खालची फळी आधी ओढली आणि ती अडकून बसली. तुम्ही असतात तर "वरून, बेटा, वरून" म्हणाला असतात. तसं कोणीच म्हणालं नाही, म्हणून मी म्हणालो. युसुफने वळून पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून वरची फळी काढली.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहायची रीत आहे. तुमच्याविषयी ते लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तुमचा जन्म कुठल्या गावचा, औषधी मुळ्या-काड्या विकण्याची ही अत्तारकी तुमच्या घरात किती पिढ्यांची, यातलं काहीही मला सांगता येणार नाही. नऊ वर्षं रोज संध्याकाळी शाळेतून परतताना भद्रकालीच्या रस्त्यावर तुमच्या पायरीशी टेकलो, पण विचारलं कधीच नाही. बोललो ते सुंठीवर, गुळवेलीवर, माझ्या वर्गातल्या मठ्ठ पोरांवर आणि चहावर. शिवाय एक गोष्ट अशी आहे, की ती तुमच्याशी बोलल्याशिवाय तुमच्याविषयी काही बरं लिहिणं मला शोभणार नाही. सात वर्षं तुम्ही ती मला बोलू दिली नाहीत. आता तुमचा इलाज नाही.

आपली ओळख चहावरून झाली, म्हणजे चहा न घेण्यावरून. मी नाशकात नवा होतो, सर्दीने नाक लाल झालं होतं, आणि तुमच्या दुकानासमोर मला लागोपाठ सात शिंका आल्या. तुम्ही त्या मोजल्या होत्या. आत चुलीवर आलं आणि चार मिरी उकळत होती, त्यावर गवती चहा टाकून झाकलंत आणि ते एका कपात गाळून तुम्ही पुढे केलंत. मी घुटमळलो. तुमच्या हातचं प्यायलो असतो तर आमच्या आळीत आठ दिवस दुसरा विषय निघाला नसता. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलंत आणि अगदी सहज म्हणालात, "चहा नाही मास्तर, औषध आहे. औषधाला विटाळ नसतो." मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी सर्दी नव्हती, तरी प्यायलो. त्यानंतर नऊ वर्षं मी रोज तुमच्याकडे औषध घेत होतो. इतका आजारी माणूस नाशकात दुसरा झाला नसेल.

खऱ्या चहाचा तुम्हाला राग होता. चहा म्हणजे घाईघाईत सोडून दिलेला काढा, असं तुमचं मत. मी म्हणायचो की सगळ्या गोष्टी आटवत बसायला लोकांना वेळ कुठे आहे. त्यावर तुम्ही खण उघडून एकेक वस्तू माझ्यासमोर ठेवायचात. सुंठ, गुळवेल, काडेचिराईत, ही उकळायची, दमाने, आठ भांड्यांचं एक होईपर्यंत. गवती चहा, तुळस, यांना नुसतं उकळतं पाणी दाखवून झाकण ठेवायचं. जास्त उकळलं तर त्यांचा जीव वाफेबरोबर निघून जातो. आणि धणे, वाळा, यांना विस्तवाजवळसुद्धा न्यायचं नाही. रात्रभर गार पाण्यात निवांत ठेवायचं, सकाळी ती आपला गुण आपणहून देतात. हे ऐकताना मी वरवर हसायचो. पण दुसऱ्या दिवशी वर्गात छडी उचलताना हात अडखळायला लागला. समोरच्या पोरांत उकळायची कोण आणि भिजत ठेवायची कोण, हे मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यांना सरसकट चुलीवर चढवत होतो. आज शाळेत मला लोक बरा शिक्षक म्हणतात. ते श्रेय तुमच्या खणांचं आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चिडवायला तुम्हाला आणखी एक विषय मिळाला असता.

आपलं खरं भांडण मापावरून होतं. तुम्ही काढा मातीच्या मडक्यात करायचात आणि त्यात एक वाळलेली कडुनिंबाची काडी बुडवून बघायचात. काडीवर दोन खुणा. वरच्या खुणेइतकं पाणी घालायचं आणि खालच्या खुणेपर्यंत आटवायचं, की आठाचा एक झाला. एकदा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी ती काडी उचलली आणि खिशातून फूटपट्टी काढली. वरची खूण बरोबर आठ इंचांवर होती. मग खालची एक इंचावर हवी. ती होती पावणेदोन इंचांवर. मी सर्वांसमक्ष जाहीर केलं की तुमचा आठवा हिस्सा हा आठवा हिस्सा नव्हेच, जवळजवळ चौथा आहे, आणि भद्रकालीची माणसं वर्षानुवर्षं पातळ काढा पीत आली आहेत.

तुम्ही रागावला नाहीत. काडी परत घेतलीत, पुसलीत आणि म्हणालात, "मास्तर, मडक्याला पोट असतं. फूटपट्टीला नसतं."

गिऱ्हाइकं हसली. मी तरातरा निघालो आणि घराच्या वाटेवरच्या पुलाच्या मध्यावर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोल बुडाच्या भांड्यात खालचा एक इंच आणि मधला एक इंच सारखे कसे असतील? ज्या आठवड्यात मी पोरांना गोलाचं घनफळ शिकवत होतो, त्याच आठवड्यात मी ही चूक भर बाजारात केली होती. परत येऊन "चुकलो" म्हणायला शंभर पावलं पुरली असती. ती मी टाकली नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालो की मग दोष मडक्याचा आहे. शास्त्रशुद्ध काढ्याला सरळ भिंतींचं भांडं पाहिजे. तुम्ही मला औषधाचा कप दिलात आणि विषय सोडून दिलात.

तो तिथेच सुटला असता तर बरं झालं असतं. पण त्या पावसाळ्यात सरस्वतीला हिवताप लागला. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. टपाल कचेरीत मिळणाऱ्या कोयनेलच्या पुड्या चालू होत्या, त्यांनी तिचे कान भणभणायचे, ताप जायचा आणि पुन्हा यायचा. तिचे थोरले भाऊ खंडूअण्णा दिंडोरीहून दर आठवड्याला येऊन बघून जात. ज्याला बैल जुंपता येत नाही त्याच्या घरात बहीण दिली, हे त्यांना मुळातच रुचलेलं नव्हतं. बहिणीला माहेरी न्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते परत आणण्यासाठी नव्हे, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. मी तुमच्याकडे आलो. तुम्ही आधी सांगितलंत की कोयनेल बंद करायची नाही, काढा तिच्या सोबतीला. मग पुड्या बांधल्यात: गुळवेल, काडेचिराईत, सुंठ, नागरमोथा आणि वाळवलेल्या आवळ्याची आवळकाठी. तुमच्याच एका मडक्यात, तुमच्याच काडीने, पंधरा दिवस काढा केला. ताप उतरणीला लागला. सरस्वती उठून अंगणात बसायला लागली.

आणि नेमकी तेव्हा मला अचूकपणाची हुक्की आली. तांबट आळीतून मी तांब्याचं सरळ उभ्या भिंतींचं भांडं करून घेतलं, आतून आठ सारख्या रेघा कोरून. खालच्या आठव्या हिश्शाचे पुन्हा दोन भाग करणारी एक बारीक रेघ, सकाळ-संध्याकाळच्या डोसासाठी. भांडं इतकं देखणं झालं की मी ते तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही बाहेरूनच टिचकी मारून बघितलंत आणि एकच विचारलंत, आत कल्हई आहे ना? मी म्हणालो, आजच करायला देतो. दिलीही. कल्हई चांगली चकचकीत झाली, पण तिच्याखाली माझ्या रेघा बुजून गेल्या. मग मी शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि एकेक रेघ नीट कोरून पुन्हा उघडी केली. त्या कामाला मला दोन तास लागले. झाल्यावर मी ते सरस्वतीलाही कौतुकाने दाखवलं.

दहीताक कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात कळकतं, हे आमच्या घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या डोळ्यांना रेघा दिसत होत्या, तांबं दिसत नव्हतं. त्या भांड्यात मी आंबट आवळकाठीचा काढा तासभर उकळला आणि संध्याकाळचा भाग दिल्यावर उरलेला त्यातच ठेवून दिला. सकाळी बरोबर अर्ध्या रेघेवर भरला पाहिजे ना! भरला. मी समाधानाने तो सरस्वतीला दिला. दुपारपर्यंत ती ओकून ओकून पिवळी पडली होती.

त्याच दिवशी अण्णा आले, हे माझं नशीब. डॉक्टर येऊन गेले होते, पोटात काहीतरी विषारी गेलं आहे म्हणाले, औषध दिलं, धोका नाही म्हणाले. अण्णांनी ते ऐकलं, कोनाड्यातलं ते तांब्याचं भांडं उरलेल्या काढ्यासकट उचललं आणि सरळ तुमच्या दुकानाची वाट धरली. मी मागोमाग. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, की ही चूक बाहेरची असली तर बघून घेतो, आणि घरातली असली तर सरूला आजच गाडीत घालून नेतो, पुन्हा हा उंबरा दाखवणार नाही. मला तोवर चूक कळली नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पुलावरच कळली होती. त्या पुलावर मला नेहमी सगळं कळतं, आणि मी पुढे चालत राहतो.

अण्णांनी भांडं तुमच्या गल्ल्यावर आदळलं. "माझी भैन ओकून ओकून अर्धी झाली हाय. काय घातलं व्हतं ह्यात?"

तुम्ही आधी विचारलंत, डॉक्टर येऊन गेले का. मग भांडं उजेडात धरलंत. आतल्या रेघांच्या कडा हिरवट झाल्या होत्या. तुम्ही खालच्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलंत, बोटाचं टोक पाहिलंत आणि मग माझ्याकडे पाहिलंत. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला मात्र सगळं वाचता आलं असावं. अण्णांच्या मुठी, माझं घर, घरात निजलेली सरस्वती, सगळं.

"आवळकाठी जुनी होती," तुम्ही म्हणालात. "माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे."

अण्णा खूप बोलले. दुकानासमोर माणसं जमली. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत, आणि मग आत जाऊन आवळकाठीचं पोतं ओढत आणलंत आणि सगळ्यांदेखत गटारात ओतलंत. नवा माल होता तो. त्याच आठवड्यात त्र्यंबकहून आलेला, मी स्वतः तुमच्याबरोबर बसून निवडायला मदत केली होती. माझ्या पायाशी ते तुकडे पाण्यात फुगत वाहत गेले आणि मी शब्द काढला नाही. कबूल केलेल्या माणसाशी भांडायचं तरी किती, म्हणून अण्णा थंड झाले. पुढे जपून राहा म्हणाले आणि घरी परतले. सरस्वतीला त्यांनी नेलं नाही. चूक बाहेरची निघाली होती.

मी निघताना तुम्ही माझ्या हातात धण्यांची पुडी दिलीत. रात्री भिजवा, सकाळी खडीसाखर घालून घोट घोट द्या, डॉक्टरला विचारून. तिसऱ्या दिवशी ती भाकरी मागायला लागली.

आठवड्याने मी एकटा आलो. काय बोलायचं ते घोकून आलो होतो. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. म्हणालात, घरचं एखादं मडकं घेऊन या. मी उलट पावली जाऊन आणलं. तुम्ही एक पेला पाणी त्यात ओतलंत, कडुनिंबाची कोरी काडी उभी धरलीत, पाणी लागलं तिथे सुरीने खूण केलीत. मग आणखी सात पेले ओतलेत आणि वरची खूण केलीत. बस. आठ इंच नाही, एक इंच नाही. फक्त ओतून बघितलं. ज्याचं जसं मडकं, तशी त्याची काडी. दुकानाच्या आढ्याला रंगीत दोऱ्यांनी बांधलेल्या ज्या काड्या लटकत असायच्या, त्या गिऱ्हाइकांच्या घरच्या मडक्यांच्या दुसऱ्या प्रती होत्या, एखाद्याची मोडली तर लगेच देता यावी म्हणून. दोन वर्षं मी त्यांच्याखाली बसून तुमच्या अडाणी मापावर व्याख्यानं दिली होती. माझ्या काडीला तुम्ही हिरवा दोरा बांधलात.

तेव्हा मी म्हणालो, "इस्माईलभाई, त्या दिवशी..."

तुम्ही हात वर केलात. "मास्तर, झालेला काढा पुन्हा उकळू नये. कडू होतो फक्त."

मला ते वाक्य फार सोयीचं वाटलं. पुढची सात वर्षं मी त्याच्या आडोशाला राहिलो.

सरस्वतीला मी सांगितलं की तांब्याचं भांडं गळतं, आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिनेच पुढे हट्ट धरला की पुडी इस्माईलभाईंकडूनच आणायची. एकदा चुकलेला माणूस पुढे जपून देतो, असं तिचं म्हणणं. ती बरी झाली. पुढे मुलगी झाली, तिच्या बाळगुटीपासून खोकल्यापर्यंत सगळं तुमच्याच खणांतून आलं. माझ्या घरात आज जे हसणं-बोलणं आहे ते त्या दिवशीच्या तुमच्या एका वाक्यावर उभं आहे, हे मला रोज जेवताना आठवायचं. उपकार हा शब्द त्याला पुरत नाही.

पण त्या वाक्याची किंमत तुम्ही चुकवत होतात, आणि ती मी रोज संध्याकाळी तुमच्या पायरीवर बसून बघत होतो. त्या दिवसापासून तुमच्या दुकानात आवळकाठी घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती आधी हुंगून बघू लागलं. दुसऱ्या कुठल्या वस्तूला नाही, फक्त आवळकाठीला. तुम्हीही मग मूठभर तळहातावर घेऊन आपणहूनच पुढे धरायला लागलात, "वास घेऊन बघा." तांबट आळीतल्या बायजाबाई तर इतका वेळ हुंगत की मागची माणसं खोळंबत, आणि वर म्हणत, "बघून घ्यावं बाई, ह्यांची एकदा बिघडली होती." तुम्ही हसत होतात. त्या वेळी मी कपात तोंड घालून बसलेला असायचो. पुढे युसुफ गल्ल्यावर बसायला लागला तेव्हा तोही तसाच तळहात पुढे करायला शिकला. त्याला वाटत असावं, हा अत्तारकीचा नेमच आहे.

तुमचा आणखी एक दावा होता, की काढा झाला हे काडीच्या आधी नाकाला कळतं. उकळताना वास घरभर हिंडतो आणि काढा होत आला की तो भांड्यात परत बसतो. याला मी शास्त्र म्हणत नव्हतो, अजूनही म्हणत नाही. पण गेल्या थंडीत मुलीसाठी काढा करताना मी अचानक उठलो आणि भांडं उतरवलं, आणि मग काडी बुडवली तर पाणी खुणेला लागलेलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही तेव्हाच अंथरुणाला खिळला होतात, आणि मी येऊन तुमच्या उशाशी बसलो की आपण हवापाण्याचं बोलत होतो. शेवटच्या आठवड्यात एकदा तुम्ही डोळे मिटून विचारलंत, घरी सगळे बरे? मी म्हणालो, तुमच्यामुळे. तुम्ही म्हणालात, अल्लामुळे. यावरही आपला वाद अपुराच राहिला.

तुमच्या मय्यतीला मी आलो होतो. माती द्यायची वेळ आली तेव्हा मला पुढे व्हावं की नाही कळेना. युसुफने माझा दंड धरून पुढे नेलं. तीन मुठी दिल्या. त्या हाताने दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडू धरवेना.

परवा खंडूअण्णा आले. आता त्यांचे केस पिकलेत, रागही पिकला आहे. मुलीला खांद्यावर घेऊन हिंडतात. तुम्ही गेल्याचं सरस्वतीने सांगितलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "माणूस लय भला व्हता. एकदाच चुकला."

सरस्वतीने मान हलवली. दोघांच्याही मनात तुमच्याविषयी मायाच होती, आणि तेच मला सोसवेना. मी जेवणावरून उठलो, शिडी लावली, माळ्यावरून ते फडकं काढलं आणि भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं. म्हणालो, "ते एकदाही चुकले नाहीत. चुकलो मी." आणि कर्कटकापासून गटारापर्यंत सगळं सांगितलं.

अण्णा भांडं उचलून दारापाशी उजेडात गेले. आत हात घालून खालच्या रेघेवरून बोट फिरवलं, अगदी तुम्ही फिरवलं होतंत तसंच, आणि बोटाच्या टोकाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलली ती सरस्वती, आणि तिचा आवाज चढला नाही. "सात वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात माफ करून त्याची पुडी पीत आले. माफ करायचं होतं कोणाला आणि केलं कोणाला." मग तिने ताटं उचलली. त्यानंतर माझ्याशी ती अजून नीट बोललेली नाही. तुम्ही म्हणाला होतात ते खरं निघालं, पुन्हा उकळल्यावर कडू झालं. पण इस्माईलभाई, तुम्ही एका बाबतीत चुकलात. हा काढा झालेलाच नव्हता. मी तो अर्ध्यातच उतरवून ठेवला होता.

काल सकाळी अण्णा दिंडोरीला परत निघाले. मोटारीला वेळ होता. मला म्हणाले, चला दाजी, त्या दुकानावर जाऊ. वाटेत पुलावर मी थांबलो नाही.

दुकानात पाचसहा माणसं होती. बायजाबाई होत्या. युसुफने मला बघून आतून कप आणला आणि सवयीने म्हणाला, "मास्तर, औषध." मी म्हणालो, औषध नाही, चहाच आहे, आणि सगळ्यांसमोर उभ्याने प्यायलो. मग कप खाली ठेवून, फळ्यासमोर उभा राहून सांगतो तशा आवाजात सांगितलं: सात वर्षांपूर्वी आवळकाठी जुनी नव्हती, माझ्या भांड्याची कल्हई मी स्वतः खरवडली होती, आणि इस्माईलभाईंनी माझं घर मोडू नये म्हणून आळ अंगावर घेतला. युसुफने गल्ल्याची कड घट्ट धरली होती.

अण्णा पुढे झाले. "शेरभर आवळकाठी दे."

युसुफने खणातून मूठभर काढली आणि तुम्ही शिकवलं होतं तसा तळहात पुढे धरला. अण्णांनी त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली. "हुंगायची गरज नाय," ते म्हणाले. "बांध."

ते पुडी घेऊन पायरी उतरले. त्यांच्या मागे बायजाबाई होत्या. त्यांनाही आवळकाठीच हवी होती. युसुफने पुन्हा मूठ भरली आणि, सवय जाता जात नाही, पुन्हा तळहात पुढे केला. बायजाबाई त्या तळहाताकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तशीच बांध रे बाबा."